भुसा कुणाचा

"पातं जेवढं जाड, तेवढं ते लाकूड खाणार," दुकानदार म्हणाला आणि दोघा भावांचे चेहरे एकदम उतरले.

भिंगारच्या बाजारातल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात देवळाली प्रवराहून तिघं आले होते. सहादेव मिस्त्रीला टेबल-कटरसाठी चांगलं पातं घ्यायचं होतं. बजरंग आणि सूर्यभान हे भाऊ त्याच्यावर नजर ठेवायला आले होते. भावांची वाटणी झाली होती. ऊस वाटला, विहिरीचं पाणी वाटलं, आई राहीबाईसुद्धा एकेक महिना वाटून घेतली. तिच्या झोपाळ्याच्या साखळ्याही दोन-दोन झाल्या. सागाची फळी मात्र एकच होती. ती मधोमध कापायची आणि सूतभरही इकडंतिकडं होऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

"मी हाय तवर फळी राहू द्या," एवढंच राहीबाई म्हणाली होती. पण वाटणीला बसलेल्या लेकांना आईचं ऐकू येत नाही, हे गावोगावचं दुखणं आहे.

"मंग खाल्लेलं लाकूड कुनाचं?" धाकट्या सूर्यभाननं विचारलं.

"त्याचा भुसा होतो," दुकानदार म्हणाला.

"त्येच इचारतोय. भुसा कुनाचा?"

दुकानदारानं सहादेवकडं पाहिलं. सहादेव तिथं असून नसल्यासारखा होता. त्यानं एक पातं बोटावर टांगून खिळ्यानं हलकेच वाजवलं होतं आणि डोळे मिटून तो ऐकत होता. तडा गेलेलं पातं बद्द वाजतं. हे मात्र किणकिणत राहिलं, बारीक होत होत लांब गेलं.

त्या आवाजात त्याला जुन्या दुपारी दिसू लागल्या. त्याची आई खुरपायला जायची आणि राहीबाई तिन्ही पोरांना झोपाळ्यावर झोपवायची. आपण फळीच्या मधोमध बसायची, एका पायानं भुईला रेटा द्यायची. कड्या करकरायच्या, ओसरीवर ऊन पुढं-मागं व्हायचं. तिच्या बैठकीनं फळीला उथळ खळगा पडला होता. त्या खळग्यात गाल ठेवून झोपायला मिळावं म्हणून तिघं भांडायचे.

"झोपला का काय, मिस्त्री?" बजरंगनं विचारलं.

"न्हाई." सहादेवनं डोळे उघडले. "पातळ पातं घेऊ, बारीक अन् जास्त दात्यांचं. आडवा काप तासल्यागत येतोय. पन पातळ पातं जुन्या सागात लचकतं. आधी तसल्याच दुसऱ्या फळीवर चालवून बघाया लागंल. येकदा हुकलं की मंग जोडता येत न्हाई."

आपलं नुकसान टळतंय म्हटल्यावर दोघांनी माना डोलावल्या. परतताना सहादेवनं जुन्या लाकडाच्या वखारीतून सागाची एक फळी चाचणीसाठी निवडली आणि टेम्पोत टाकली. निवडताना त्यानं बराच वेळ लावला. भाऊ तोवर उसाचा रस पीत उभे होते, अर्थात वेगवेगळ्या गाड्यांवर.

झोपाळ्याची फळी भावांनी आदल्या दिवशीच सहादेवच्या शेडमध्ये पोचवली होती. कापायच्या दिवशी सकाळी दोघंही आपापला टेप घेऊन तिथं हजर झाले. राहीबाई आधीच येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या आत उतरल्या होत्या. टेबलावर मेणानं पुसलेली फळी सपाट, गुळगुळीत पडली होती.

"चाचनी झाली का?" बजरंगनं विचारलं.

"पातं लचकनार न्हाई. त्याची काळजी नगं," सहादेव म्हणाला.

बजरंगनं मापलं. मग सूर्यभाननं मापलं. मग दोघांनी एकमेकांचे टेप शेजारी धरून तेही मापले. शेवटी पेन्सिलीची रेघ ओढली गेली.

"लेकरांनो," राहीबाई म्हणाली, "कापायच्या आधी येकदा हात फिरवा तिच्यावर. लई झोपलाय तुमी तिच्यावर."

"आई, आता उगा येळ नगं करू," बजरंग म्हणाला. सूर्यभान रेघेवरून नजर काढायला तयार नव्हता.

राहीबाईनं सहादेवकडं पाहिलं. सहादेवनं मान खाली घातली आणि बटण दाबलं.

पातं गुणगुणत फळीत शिरलं. सोनेरी भुसा उन्हात उडाला आणि तरंगत राहिला. सगळी शेड झोपेत असल्यासारखी धूसर झाली. त्या धुक्यात राहीबाईचा एक पाय आपसूक हलत होता, भुईला रेटा देत असल्यासारखा. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आई निबर झाली, असं सूर्यभानच्या मनात आलं.

काप रेघेवर आला, लोण्यातून आल्यासारखा. भुसाही मुठीमुठीनं दोन पिशव्यांत वाटून झाला. दोघांचं समाधान झालं. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच ते एकमेकांकडं पाहून हसले.

"चल आई," बजरंग म्हणाला.

"तुमी व्हा फुडं. मी बसते जरा."

आपापली अर्धी फळी काखोटीला मारून भाऊ निघाले. एकाची मोटारसायकल डावीकडं गेली, दुसऱ्याची उजवीकडं. आवाज विरेपर्यंत राहीबाई दाराशी उभी राहिली.

मग सहादेवनं तिचा हात धरून तिला शेडच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं आढ्याला काथ्याच्या दोरांनी टांगलेली एक फळी वाऱ्यानं हलकी हलत होती. राहीबाईनं तिच्या मधल्या खळग्यावरून हात फिरवला, त्यात बसली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं.

"येकानं तरी वळखायला पायजे हुतं रं, सहादेवा," ती म्हणाली.