दसऱ्यानंतरची टूथपिक

“नाही घेत यार!” निहारने पेन ड्राइव्ह उपटला, फुंकर मारली आणि पुन्हा खुपसला. कॉम्प्युटरने काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी दाखवल्या आणि तो गप्प बसला.

कुंदाचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. ती सुनेचा चेहरा बघत होती. दीप्ती चहाचा कप घेऊन दारात उभी होती. चेहरा कोरा. जरा जास्तच कोरा, असं कुंदाला वाटलं.

कॉम्प्युटर भाऊंचा, म्हणजे कुंदाच्या यजमानांचा. ते जाऊन काही वर्षं झाली. नात सई लहान असताना ‘पाल भिंतीवरून पडत का नाही’ असले प्रश्न विचारायची आणि भाऊ लांबलचक उत्तरं द्यायचे. ते सगळं त्यांनी या डब्यात रेकॉर्ड करून ठेवलं होतं, दुसरीकडे कुठेच नाही. रोज देवापुढे दिवा लावला की कुंदा त्यातलं एखादं उत्तर ऐकायची. दिवाळीनंतर मशीन सुरूच होईना. दिवा लागायचा, भाऊ बोलायचे नाहीत. तिला घर खायला उठायचं.

निहारचं म्हणणं, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं की आतलं सगळं वाचवता येईल. पण मशीनला पेन ड्राइव्ह दिसतच नव्हता. तो खुपसायच्या मागच्या खाचा भाऊंच्या वेळीच बिघडल्या होत्या, उरल्या पुढच्या दोन. उद्या सोसायटीत जुनं इलेक्ट्रॉनिक सामान न्यायला गाडी येणार होती. दुकानात द्यायला कुंदा तयार नव्हती. मुलुंडला दुरुस्तीला दिलेला तिचा मिक्सर दुसरीच मोटर घेऊन परत आला, अशी तिची पक्की खात्री होती.

आणि कॉम्प्युटरचा हा कोपरा रिकामा कुणाला हवा होता? घरून काम करणाऱ्या दीप्तीला. दोन आणि दोन चार करायला कुंदाला कॉम्प्युटर लागत नव्हता.

शिवाय तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, दीप्ती मशीनपुढे उकिडवी बसून खाचेत टूथपिक घालत होती. “याला पुन्हा हात लावायचा नाही!” कुंदाने दरडावलं होतं. टूथपिक मुठीत लपवून दीप्ती निमूट उठली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

“आई, देऊन टाकूया का गाडीत?” निहारने घाम पुसला.

कुंदाचा तोल गेला. “तुझ्या बायकोला विचार! काय गं, टूथपिक घालून काय केलंस त्यात? ह्यांचा आवाजसुद्धा नकोसा झाला तुला?”

निहारने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग मोबाइलचा टॉर्च खाचेवर धरला आणि स्वयंपाकघरातून टूथपिक आणली. खरवडल्यावर पिवळट, कडक चुरा खाली पडला. मागोमाग वेलचीचा दाणा.

“पेढा?” तो चक्रावला. “यात पेढा कुणी भरला?”

कुंदाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहिलं की ती त्याला नैवेद्यही द्यायची, देवाच्या तोंडाला लावतात तसा. भाऊ त्याला जे काय द्यायचे ते तिथूनच. म्हणजे तोंड तेच. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं नको, म्हणून दोन्ही खाचांना, अंगठ्याने नीट दाबून. दर दसऱ्याला.

“मुंग्यांनी आत नेला असेल रे,” दीप्ती घाईने म्हणाली. “तू लावून तर बघ.”

या वेळी मशीनने पेन ड्राइव्ह घेतला. थोड्या वेळाने खोलीत भाऊ खाकरले. “हे बघ सई, पालीचं काय असतं...”

कुंदाने पदर डोळ्यांना लावला. मग सुनेकडे न बघताच तिने हळूच विचारलं, “आधीच्या दसऱ्यांचे पेढे कुठे गेले गं?”

“दुसऱ्या दिवशी काढायचे मी, आई. तुम्ही दुपारच्या झोपलात की. यंदा तुम्ही जाग्या होतात.”