सोपं जपानी गाणं

"यातलं सोप्पं कोणतं गं?" संघपालने टेप बंद करून विचारलं, आणि स्वप्नाच्या मनात पाप आलं.

येत्या रविवारी संघपालच्या कंपनीचे जपानी साहेब, मोरिता, हिमायतनगरच्या हॉटेलात सगळ्यांना सहकुटुंब जेवण देणार होते. जेवणानंतर कराओके. म्हणजे संगीत तेवढं मशीन वाजवणार, शब्द टीव्हीवर दिसणार आणि गायचं आपण. साहेब पन्नाशीला आले होते, तरी त्यांना जपानी रॉकच लागे. दोन वर्षांसाठी ओसाकाला एक माणूस न्यायचा होता आणि साहेब तो गाण्याच्या वेळीच हेरतात, अशी ऑफिसात बोलवा होती. बायकोला मात्र नेता येत नव्हतं.

स्वप्नाला सहावा महिना लागला होता. लेकरू चालायला-बोलायला लागेल तेव्हा बाप ओसाकात आणि ती काचीगुड्याच्या दोन खोल्यांत, या विचाराने तिची झोप उडाली होती. तिने एकदा संघपालला बोलून पाहिलं. तो म्हणाला, आपल्या घराण्यात असा चान्स कुणाला आला होता? त्याचं चुकत नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

संघपालला जपानी उत्तम येई. सुराच्या नावाने मात्र आनंद होता. उलट स्वप्ना किशनरावांची लेक. नांदेडकडे किशनरावांची गायन पार्टी होती आणि भीमजयंतीला त्यांना गावोगावचं बोलावणं असे. लहानपणापासून ती बापाच्या मागे बसून झील धरत, त्याची ओळ मागून उचलत आलेली. शब्द कळोत न कळोत, दोनदा ऐकलं की गाणं तिच्या गळ्यात बसे. म्हणून गाणं निवडायचं काम तिच्याकडे आलं होतं.

कॅसेटवर तीन गाणी होती. दोन धडाक्याची, नुसती ओरडून म्हणायची. ज्याला गळा नाही त्याने खुशाल तीच म्हणावीत, सूर हलला तरी गोंगाटात खपून जातो. तिसरं संथ होतं. हळूच वाजणारी गिटार, मोजके शब्द, ऐकायला अगदी पाळणा म्हटल्यासारखं. पण मध्येच त्याचा सूर असा वर चढे की चांगल्या गाणाऱ्याचीही दमछाक व्हावी.

"हे तिसरं घ्या," स्वप्ना म्हणाली. "सावकाश आहे. आरामात म्हणता येतं."

"हौ, मलाबी तेच वाटलं," म्हणत संघपाल खुशीत लागला गुणगुणायला. वरच्या जागेला त्याचा आवाज रोज फाटायचा आणि ती रोज 'जमतंय की' म्हणायची. असं म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटे.

रविवारी आधी पुण्याचा प्रथमेश गायला. धडाक्याचं गाणं घेऊन त्याने नाचून-ओरडून टाळ्या वसूल केल्या. मग लग्नातला कोट घालून संघपाल उभा राहिला. पहिलं कडवं बरं गेलं. पुढे सूर चढला आणि त्याचा आवाज चिरकला. त्याने पुन्हा धरून पाहिला, पुन्हा चिरकला. मशीनला काय त्याचं, ते वाजतच राहिलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी नजर खाली घातली. संघपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टीव्ही सोडून तो तिच्याकडे पाहत होता. त्या बघण्यात राग नव्हता. चुकलं कुठं, एवढंच तो तिला विचारत होता.

तिला हवं होतं ते अगदी तसंच घडत होतं. पण पुढच्याचा आवाज अडला की मागच्याने ओळ उचलायची, त्याला चारचौघांत उघडं पडू द्यायचं नाही, हे बापाच्या पार्टीत तिच्या अंगात मुरलेलं. आपण उठलो हे तिला कळलं तेव्हा ओळ तोंडातून गेलीही होती. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. वरची जागा तिने सहज घेतली. धीर येऊन संघपालही खालच्या सुरात तिच्यामागे म्हणू लागला. हॉल चिडीचूप झाला, आणि गाणं संपलं तसा टाळ्यांनी भरून गेला.

मोरिता साहेब उठून कमरेत वाकले. मग प्रोजेक्टच्या मुख्य अनुराधा मॅडमना जपानीत बराच वेळ काहीबाही सांगत राहिले. मॅडमनी ते सगळ्यांना मराठी-हिंदीत समजावलं. मागच्या खेपेला नेलेला माणूस मध्येच परत आला होता, कारण त्याची बायको फोनवर सारखी रडायची. तेव्हा यंदा साहेबांना माणसाइतकंच त्याचं घरही बघायचं होतं. ज्या घरात बायको नवऱ्याबरोबर जपानी गाणं शिकते, त्या घराची तयारी निराळी विचारायला नको. संघपालच जाणार.

संघपालचा चेहरा असा उजळला की स्वप्नाने तो लग्नातही तसा पाहिला नव्हता. आता खरं काय ते सांगावं, तर कुणाला सांगणार आणि कोणत्या तोंडाने?

"तुमची काही हरकत नाही ना, स्वप्ना?" मॅडमनी आपुलकीने विचारलं. "साहेबांना एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

स्वप्नाने संघपालकडे पाहिलं. तो डोळे पुसत हसत होता.

"मला कसली हरकत," ती पुटपुटली. माइक अजून तिच्याच हातात होता. ते शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.