नेहमीसारखे चॉप

लोखंडी तवा धुरावला तसा तिने पहिला चॉप, हाडासकट मांसाचा जाड तुकडा, त्यावर उभा धरला. चरबीची कड खाली. कड तडतडली, हळूहळू वितळली, आणि तवा तिच्याच तेलाने चकाकू लागला. मग तिने चॉप आडवा टाकला. नवरा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून पाहत होता. एके काळी ती पाठमोरी राहूनही केवळ वासावरून सांगत असे, आता उलटायला हवा. आज ती वाकून मांसाच्या कडेचा रंग निरखत होती, परक्या गावात पाटी वाचावी तशी.

ती सॉसच्या कारखान्यात चव तपासत असे. तिने मान हलवल्याशिवाय तिथे एकाही बाटलीला झाकण लागत नसे. हिवाळ्याच्या तोंडाशी तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला, आणि ती रजा टाकून घरी बसली. त्याच दिवसांत एकदा जेवताना तो सहज बोलून गेला होता, "आज जरा खारट झालंय." ती उठली, ताटे गोळा केली, आणि नंतर कितीतरी दिवस स्वयंपाकघरात फिरकली नाही. तिचे ते भिंतीकडे तोंड करून निजणे त्याला अजून आठवत असे.

तेव्हापासून घरात कोणी नावे ठेवायची नाहीत, असे त्याने ठरवले. प्रश्न होता तो आईचा. सासूबाईंनी या सुनेच्या हातचा एकही पदार्थ निमूटपणे खाल्ला नव्हता. "हा चॉप आहे की चपलेचा तळ?" त्या विचारीत. "दात तुमचे गेले, आई, आणि खापर माझ्या चॉपवर?" सून तिथल्या तिथे परतफेड करी. दोघींचे जेवण असे रंगत असे. पण मुलाने हात जोडले आणि म्हातारीने जिभेला कुलूप घातले. आता त्या प्रत्येक जेवणाला एकच वाक्य म्हणत, "छान झालंय गं, अगदी नेहमीसारखं."

आज सकाळी सुनेने दोघांना समोर बसवून सांगितले होते, "आज चॉप करते. जमले तर उद्यापासून कामावर. नाहीतर राजीनामा." मग तिने कारखान्यातल्या नमुन्याच्या दोन लहान बाटल्या घासूनपुसून खिडकीत पालथ्या घातल्या होत्या. त्या बाटल्यांवर पडलेले ऊन पाहून त्याला कितीतरी महिन्यांनी बरे वाटले होते.

जेवायला बसण्याआधी तो आईच्या कानाशी लागला. "आज सांभाळून घे हं."

"मला नको शिकवूस," म्हातारी पुटपुटली. "मूग गिळून गिळून पोट भरलंय माझं."

चॉप झाकून बाजूला ठेवलेले होते. मांसालाही विसावा लागतो, असे ती म्हणत असे. त्याच तव्यात तिने बारीक कांदा परतला, व्हिनेगर ओतले, चमचाभर मोहरीची पेस्ट आणि चिमूटभर साखर घातली, आणि तळाशी धरलेले सारे खरवडून सॉस केला. सासूबाईंच्या वाट्याचे मांस हाडापासून सोडवून तिने त्याचे लहान लहान तुकडे केले. मग ती बसली. स्वतःच्या ताटाला तिने हात लावला नाही.

पहिल्याच घासाला त्याला कळले. मीठ नव्हते. मांसात नव्हते, सॉसमध्येही नव्हते. मिऱ्याचा तिखटपणा होता, व्हिनेगरचा आंबटपणा होता, पण सगळे एकमेकांपासून तुटलेले, अनोळखी माणसे एकाच खोलीत उभी असावीत तसे. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचणाऱ्या त्या माणसाने तो घास गिळला.

"झकास!" तो म्हणाला.

"खरंच?"

"खरंच म्हणजे काय? उद्याच्या डब्याची तयारी कर."

तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती सासूबाईंकडे पाहत होती. "आई, तुम्ही सांगा."

म्हातारी बराच वेळ चावत राहिली. तिचे ओठ काहीतरी बोलण्यासाठी हलले आणि मिटले. तिने एकदा मुलाकडे पाहिले.

"छान झालंय गं," ती म्हणाली. "अगदी नेहमीसारखं."

सुनेने हळूच मान हलवली. ती उठली, कपाटातून मिठाची पुडी काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. पुडी कोरी करकरीत होती, फोडलेलीसुद्धा नव्हती.

"बरणीतलं मीठ कालच संपलं," ती म्हणाली. "आज मी मीठ घातलंच नाही. मुद्दाम."

 ताटातल्या सॉसवर चरबीची पांढरी साय धरू लागली होती.

"अळणी आहे गं पोरी," म्हातारीचा आवाज चिरकला. "पहिल्याच घासाला कळलं मला. पण ह्याने गळ घातली, आणि तुझं तोंड बघून..."

सुनेने खिडकीतल्या बाटल्या उचलल्या. पदराने उगाचच पुन्हा पुसल्या.

"मग नावं ठेवायची होती, आई," ती म्हणाली. "माझी चव परत येणार नाही, हे मला केव्हाच कळलंय. ह्या बाटल्यांतून रोज नमुने आणून तुम्हाला चाखायला देणार होते. उद्या तुमच्याच जिभेच्या भरवशावर मी कामावर निघाले होते."