पंप माझ्याकडे

ताईशी अबोला धरून दोन वर्षं झाली होती. पहिल्यांदाच एकटी सायकलवर लांब निघाले. हँडलची पिशवी तीनदा लावली. रेनकोट तळाशी, पंप कडेला, खजूर वर. चाळीस किलोमीटरवर मागचं चाक बसलं, तेव्हा कळलं की पंक्चरचं सामान घेतलंच नाही. ते कायम ताईच्या पिशवीत असायचं. "पंप तुझ्याकडे, बाकी माझ्याकडे. म्हणजे मला सोडून पुढे पळणार नाहीस," हा तिचाच नियम.

झक मारत फोन लावला.

"पंक्चर झालंय. नुसता पंप आहे."

"तो तुझ्याकडे, म्हणून तर माझी सायकल दोन वर्षं भिंतीला टेकून आहे."

"पंप विकत मिळतो की, ताई."

ती म्हणाली, "पंक्चरचं सामानही मिळतं."