देवाचं स्थलांतर

म्हैसूरच्या जुन्या गल्लीतली मराठी शिंप्यांची घरं एकेक करून शहराबाहेर हिनकलच्या नव्या लेआउटमध्ये गेली. मालतीबाईंचा मुलगा रंगनाथही बायकोला घेऊन तिकडेच गेला. मालतीबाई तेवढ्या मागे राहिल्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "मी गेले तर देवळातल्या विठ्ठलाला आंघोळ कोण घालणार?"

शेवटी मंडळींनी हिनकललाच देऊळ बांधलं. मूर्ती हलवायच्या दिवशी भटजींनी रीतीप्रमाणे मंत्र म्हणून मूर्तीतल्या देवाला कलशातल्या पाण्यात उतरवलं. हा कलश वाटेत कुठे टेकवायचा नसतो, मांडीवर धरूनच न्यायचा असतो. मालतीबाई ठेवणीतलं रेशमी नेसून, स्वयंपाकघर आवरून तयार होत्या.

"आता काय सांगाल?" समोरच्या कमलाक्षीनं चिडवलं. "तुमचा देवच निघाला लेकाकडे!"

मालतीबाई लाजल्यासारख्या हसल्या.

रंगनाथनं कलश गाडीत मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर ठेवला. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. त्यानं दार लावलं, पुढे बसून गाडी सुरू केली आणि काच खाली करून म्हणाला, "सरि, बरं आई, येतो. आता तुला पहाटे उठायला नको. निवांत झोपत जा."

गाडी वळून दिसेनाशी झाली.

"तुम्ही मागच्या गाडीनं जाणार?" कमलाक्षीनं विचारलं.

"नाही गं. हिनकलचं पाणी मला सोसत नाही," मालतीबाई म्हणाल्या.

लेकाच्या त्या घरचं पाणी त्या अजून एकदाही प्यायल्या नव्हत्या.