मनगटाला कळतं

रेंजवर नेमबाजीच्या सरांनी ॲलन कीला नुसती दोन बोटं लावली आणि तिच्या रायफलचा स्क्रू फिरला.

"अगं, ढिला आहे हा. म्हणून गोळ्या विखुरतायत तुझ्या. कोणी आवळला?"

"आबांनी."

नळी लाकडी दस्त्यात पक्की धरणारे ते दोन स्क्रू प्रत्येक स्पर्धेआधी तिचे वडील घरीच आवळून द्यायचे. कमी आवळले तर नळी हलते, जास्त आवळले तर लाकूड दबतं. ताण मोजणारा पाना आबांनी कधी हातात धरला नाही. मनगटाला कळतं, म्हणायचे, आणि खरंच कळायचं. हल्ली मात्र त्यांच्या हातातली कपबशी वाजायची आणि ती टीव्हीचा आवाज वाढवायची.

सरांनी पान्याने दोन्ही स्क्रू आवळले. गोळ्या पुन्हा एका ठिकाणी बसू लागल्या.

"आबांना सांगू नका, सर," ती म्हणाली.

तेव्हापासून ती घरी आबांकडून स्क्रू आवळून घ्यायची आणि रेंजवर गुपचूप पान्याने पुन्हा आवळायची.

राज्य स्पर्धेच्या सकाळी तिने रायफल आबांसमोर ठेवली. त्यांनी पुढचा स्क्रू आवळला, मग मागचा. दोन्ही हात लावले तरी ॲलन की थरथरत होती. काम झाल्यावर त्यांनी दस्ता फडक्याने पुसला, रायफल पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

"रेंजवर पोचलीस की पान्याने आवळून घे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "नेहमी घेतेस तसं."