येते म्हणावं

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पुंगोल वस्तीतून सुलेखाआजी सहा वर्षांच्या नातीला, जाईला, टेकडीवरची जुनी दफनभूमी दाखवायला घेऊन आल्या होत्या. भिंतीत बसवलेल्या एका शिळेवर पहिल्यावहिल्या इंग्रज बंदर अधिकाऱ्याच्या मुलांची नावं होती. चारही एकाच वर्षी गेलेली. शेवटची मुलगी सहा वर्षांची.

"सेम लाइक मी, लाह," जाई शाळेत उचललेल्या तिथल्या इंग्रजी ढंगात म्हणाली आणि निघताना तिने शिळेला हात हलवला. "बाय, मी जाते."

"जाते म्हणू नये, बाळा. येते म्हणावं," आजी सवयीने बोलून गेल्या.

"येते," जाई शहाण्यासारखी म्हणाली.

कुठे काय शिकवलं ते आजींना तेव्हा कळलं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "नाही, जातेच म्हण. लवकर म्हण."

जाईने तोंड उघडायच्या आत भिंतीतून एका मुलीने स्वच्छ मराठीत विचारलं, "कधी?"